पेसमेकरसोबत ४३ वर्षे
स्वीडनचे आर्ने लार्सन यांच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबत आणि ते दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडत. पत्नी एल्स-मारी यांच्या आग्रहावरून अभियंता रुने एल्मक्विस्ट यांनी पेसमेकर बनवला. साचा होता बूटपॉलिशच्या डबीचा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये डॉ. ऑके सेनिंग यांनी तो लार्सन यांच्या शरीरात बसवला. जगातली अशी ही पहिलीच शस्त्रक्रिया. पेसमेकर काही तासांतच बंद पडला. लगेच दुसरा बसवावा लागला. पुढे आयुष्यभरात वीसहून अधिक पेसमेकर बदलले. २००१ मध्ये, ८६व्या वर्षी, लार्सन गेले ते कर्करोगाने. तोवर एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही काळाच्या पडद्याआड गेले होते. पेसमेकर पुन्हा बसवावा लागणे म्हणजे उपचार फसणे नव्हे, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले.