ठळकवाडीतून उठलेला कारखाना

चोर्ला घाट ओलांडून बाजारहाटासाठी बेळगावात जाणाऱ्या गोमंतकीयांना किर्लोस्कर रस्ता परिचित आहे. ज्या दुकानामुळे या रस्त्याला हे नाव मिळाले ते सायकलींचे होते. ते चालवणाऱ्या दोघा बंधूंपैकी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना पुढे आपला कारखाना याच शहरातून हलवावा लागला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र चित्रकलेत आणि यंत्रांत रमे. चित्रकार होण्यासाठी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला, पण काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लवकरच ध्यानात आले आणि तो मार्ग खुंटला. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

सायकलींचा व्यापार थोरले बंधू रामूअण्णांच्या साथीने आधीच सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत, रामूअण्णा त्या विकीत. सायकल त्या काळी श्रीमंतांची चैन होती आणि ती चालवायला शिकवण्याचेही पैसे मिळत. पण परदेशी माल विकण्यात लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. दुकानाच्या जोडीला छोटी कर्मशाळा उभी राहिली, कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर आला.

या नांगराची कथा आज नवलाची वाटते. लोखंडाने जमिनीला विष बाधते असा शेतकऱ्यांचा समज होता. पिढ्यानपिढ्या लाकडी नांगर धरलेल्या हातांना ओतीव लोखंडाचे ते धूड परके वाटले, यात अस्वाभाविक काही नाही. सुमारे दोन वर्षे नांगर पडून राहिले. पुढे खोल नांगरटीचा लाभ दिसू लागला तेव्हा मागणी वाढली, आणि नेमक्या त्याच वेळी पायाखालची जमीन सरकली.

कारखाना शहराबाहेर ठळकवाडीत होता. नगरपालिकेने तेथे नवे उपनगर वसवण्याचे ठरवले आणि किर्लोस्करांना जागा रिकामी करण्यास सांगितले. नगरपालिकेचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. प्लेगच्या साथींनंतर मुंबई इलाख्यातील दाटीवाटीच्या शहरांना मोकळ्या वस्त्यांची निकड भासत होती. उणीव होती ती दुसऱ्याच गोष्टीची. घरांसाठी जमीन आखताना भट्टी, लेथ आणि त्यांवर पोट असलेली माणसे कोठे जातील, याचा विचार त्या आखणीत नव्हता. मुंबईचा नगररचना कायदा १९१५ साली आला, म्हणजे या घटनेनंतर. ज्या शहरात इतकी वर्षे घाम गाळला, त्याने आपल्यासाठी कोपराही राखू नये, हा घाव चाळिशीतल्या या माणसाला सोसावा लागला. हाती यंत्रे होती, कारागीर होते, गिऱ्हाईक मिळू लागले होते. नव्हती ती फक्त जागा.

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचे स्नेही. अडचण कळताच त्यांनी आपल्या मुलखात जमीन व भांडवलासाठी कर्ज देऊ केले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ निवडला. ३२ एकरांचा तो तुकडा निवडुंगाने भरलेला आणि सापांचा होता; पाण्याचीही वानवा होती. पण शेजारून रेल्वे जात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणणे, जड नांगर गावोगाव पाठवणे ज्याला करायचे आहे त्याला सुपीक मातीपेक्षा रूळ मोलाचा, हे गणित त्यांनी अचूक मांडले. १० मार्च १९१० रोजी मंडळी तेथे उतरली. आरंभीची बिऱ्हाडे तंबूत आणि झोपड्यांत होती.

पुढे जे घडले ते नुसते कारखाना उभारणे नव्हते. कामगारांची घरे, विहिरी, शाळा, झाडे यांची आखणी यंत्रशाळेबरोबरच झाली आणि वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली. इंग्लंडात कॅडबरी बंधूंनी बर्मिंगहॅमबाहेर बोर्नव्हिल वसवले होते, त्याच जातीचा हा प्रयोग. मात्र येथे तो ओसाड माळावर आणि तुटपुंज्या पैशावर चालला होता. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही काम मिळे आणि त्यांच्यापैकी काहींवर तर राखणीचीच जबाबदारी सोपवली गेली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड व कोळसा दुर्मीळ झाला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. कारखान्याच्या माहितीपत्रातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या हातून मासिक जन्मले आणि मराठी घराघरांत पोहोचले. कुंडल रोड स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. १९६९ साली जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. बेळगावातील ती ठळकवाडी आज टिळकवाडी म्हणून गजबजली आहे, आणि तिच्याही दक्षिणेला उद्यमबागेत ओतशाळा व यंत्रशाळा उभ्या आहेत.