नळदुर्गचे टेलर साहेब : खरे किती, दंतकथा किती?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, मुरुमहून सहल निघाली की नळदुर्गचा किल्ला ठरलेलाच. पाणीमहाल बघता बघता टेलर साहेबांचा विषय निघतो. त्यांनीच ठगांचा नायनाट केला, असं मीही पूर्वी मुलांना बिनधास्त सांगायचो. ते बरोबर नव्हतं.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. १८२४ मध्ये कोवळ्या वयात ते मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आले. पेढी डबघाईला आलेली. मग ते निजामाच्या फौजेत शिरले. १८४१ पासून बारा वर्षं सुरपूर संस्थानचा कारभार त्यांनी पाहिला. १८५३ च्या तहाने निजामाने आपला नळदुर्ग-धाराशिव भाग इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा ते इथले अधिकारी झाले.

आता ठगांचं बघा. ठगांविरुद्धची मोठी मोहीम चालवली ती विल्यम स्लीमन यांनी, तीही सागर-नर्मदा भागातून. टेलर नळदुर्गला आले तेव्हा ती बरीचशी उरकलीही होती. आपण १८२९ मध्येच ठगांच्या अगदी जवळ पोहोचलो होतो, पण बदली आडवी आली, असं टेलर आत्मचरित्रात सांगतात. म्हणजे साक्षीदार तेच! त्यांचं नाव गाजलं ते १८३९ च्या ठगाच्या कबुलीजबाबावरच्या पुस्तकामुळे. पण ती कादंबरी आहे, अमीर अली हे त्यातलं पात्र. खऱ्या जबान्यांचा आधार तिला आहे, तरी ती जबानी नव्हे. गंमत म्हणजे पुस्तक एवढं खरं वाटलं, की लेखकच शिपाई ठरला.

दुसरी गोष्ट १८५७ ची. फौज नसताना बुलढाण्याला जाऊन साहेबांनी एकट्याच्या वजनावर लोकांना शांत ठेवलं म्हणतात. ते तिकडे गेले हे खरंच, आणि लोकांत त्यांचा मानही होता. पण हैदराबादचे दिवाण सालारजंग त्या वर्षी इंग्रजांच्या बाजूने राहिले, हे मोठं कारण आपण गाळतो. इथेही मुख्य आधार आत्मचरित्राचाच. साहेब १८७६ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी ते मुलीने छापलं.

म्हणून त्यांना खोटं ठरवू नका. १८६३ ची त्यांची 'तारा' ही कादंबरी तुळजापूर-नळदुर्गच्या मुलखातली आहे. मुलांना तिची गोष्ट जरूर सांगा, अफझलखानाच्या धड्याला जोडूनच सांगा. फक्त तारा कुठल्या वाड्यात राहायची, असं कुणी विचारलं तर वाडा दाखवत बसू नका. ती साहेबांनी रचलेली पोर आहे.