खाशाबांचे पाच किलो

मातीच्या आखाड्यात वजनकाटा नसतो. जत्रेचे मैदान भरले की जुने वस्ताद दोन पैलवानांना शेजारी उभे करतात, अंगलट न्याहाळतात आणि नजरेच्याच मापाने जोड ठरवतात. एखादा चार-सहा किलोंनी भारी असला तरी त्याचे कोणाला फारसे वाटत नाही. मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती मात्र बहुधा थोराड अंगाच्या मल्लांच्याच वाट्याला येते. बुटका, हलका, चपळ पैलवान कितीही कसलेला असला तरी तो दुपारच्या कुस्त्यांचा मानकरी. सूर्य कलल्यावर लोक ज्याची वाट पाहतात, तो नव्हे. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव हे असे हलक्या अंगाचे पैलवान होते.

घरात कुस्ती होती. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच १९४२ चे आंदोलन पेटले आणि सातारा जिल्ह्यातील अनेक तरुणांप्रमाणे तेही भूमिगतांना आसरा देणे, निरोप पोचवणे अशा कामांत ओढले गेले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभारले, तेव्हापासून हे शहर कुस्तीची राजधानी मानले जाई. तेथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांचे डाव घोटले गेले. महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेत त्यांची चण पाहून क्रीडाशिक्षकांनी प्रथम नावच घेतले नाही, प्राचार्य खर्डेकरांकडे दाद मागावी लागली आणि मग त्यांनी आपल्याहून थोराड गड्यांना लोळवले, अशी आठवण सांगितली जाते.

अशा मल्लाला वजनगटांची पद्धत वरदानच ठरली. ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत त्या काळी आठ गट होते. सर्वांत खालचा ५२ किलोंचा फ्लायवेट, त्यावर ५७ किलोंचा बँटमवेट, आणि असे चढत चढत ८७ किलोंच्या पुढचा हेवीवेट. आपल्या मापाच्या माणसाशीच लढायचे आणि तेथे पहिला आलेला जगातला पहिला, ही कल्पना लाल मातीला नवी होती. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते ५२ किलोंच्या गटात. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हातभार लावला. रीस गार्डनर हे अमेरिकी प्रशिक्षक तेथे लाभले. आयुष्यभर मातीत खेळलेल्या खाशाबांचे पाय तेव्हा प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या गादीवर पडत होते. माती पायाला धरून ठेवते, गादी तसे करत नाही. पकडीचा, तोलाचा, दमाचा सगळा हिशेब बदलतो. तरीही ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना त्यांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसींपुढे मात्र ते हरले आणि सहाव्या स्थानावर राहिले. वय होते बावीस.

येथून खाशाबांच्या चरित्रातला खरा महत्त्वाचा टप्पा सुरू होतो, आणि पदकाच्या गौरवात तो नेहमी झाकला जातो. पुढच्या ऑलिम्पिकसाठी ते ५७ किलोंच्या गटात गेले.

पाच किलो ही किरकोळ बाब वाटते. हेवीवेट मल्लाला ती एका सणाच्या जेवणावळीत वाढतील. पण बावन्न किलोंच्या माणसाला पाच किलो म्हणजे त्याच्या अंगाचा जवळजवळ दहावा हिस्सा. खालच्या गटात टिकून राहायचे तर भरत्या वयात, मेहनतीने पोसलेल्या शरीराला उपाशी ठेवावे लागते. काट्यावर उभे राहण्याआधी घाम गाळून, पाणी तोडून अंग सुकवावे लागते. फायदा एवढाच, की समोरचा गडी लहान मिळतो. वरच्या गटात पोट भरून खाता येते, ताकद शाबूत राहते. पण समोर येतो तो जन्मतःच रुंद खांद्यांचा, लांब हातांचा माणूस. बहुतेक मल्ल पहिल्या वाटेने जातात, कारण लहान गड्याला हरवणे सोपे असते असा सर्वांचाच समज असतो. समोरचाही तसाच अंग सुकवून आलेला असतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. खाशाबा दुसऱ्या वाटेने गेले. त्यांच्या खेळाकडे पाहता ही निवड योग्यच होती असे म्हणावे लागते. त्यांचा भर दमावर, चपळाईवर आणि ढाक या हुकमी डावावर होता. प्रतिस्पर्ध्याला पकडीत घेऊन, तोल मोडून आपल्या अंगावरून त्याला खाली उतरवायचे, तर कमरेत आणि पाठीत जोर हवा. त्या काळी एक लढत पंधरा मिनिटांपर्यंत चाले. सुकलेल्या अंगाने तेवढा वेळ ढाक बसत नाही.

हा पेच आजही सुटलेला नाही, उलट अधिक टोकदार झाला आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एरवी ५३ किलोंत खेळणारी विनेश फोगाट ५० किलोंच्या गटात उतरली, कारण ५३ किलोंची भारतीय जागा आधीच दुसऱ्या मल्लाकडे गेली होती. ती अंतिम फेरीत पोचली आणि त्या सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली. गट नेहमीच मल्ल निवडतो असे नाही. कधी जागा निवडते, कधी संघटना.

खाशाबांनाही संघटनेशी झगडावे लागले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी गुण देताना पक्षपात केला, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत, थेट पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले. पुन्हा चाचणी झाली, समोरच्याला त्यांनी आडवे केले आणि हेलसिंकीचे नाव पक्के झाले. मग पैशाचा प्रश्न उभा राहिला. सरकारदरबारी पुरेशी मदत मिळाली नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्या गटात आपल्या माणसाला अजून कोणी आजमावले नव्हते, त्या गटासाठी एका शिक्षकाने घर गहाण टाकले, हे विसरता येत नाही.

जुलै १९५२. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला लढत संपता संपता चीत केले, म्हणजे जवळपास पूर्ण पंधरा मिनिटे झुंजून. मेक्सिकोचा बासुर्टो लवकर आटोपला. जर्मनीच्या श्मित्झला गुणांवर हरवले. शेवटच्या टप्प्यात जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह समोर आले. दोन्ही लढती गेल्या. सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरण्यापूर्वी नियमाने मिळायची विश्रांती त्यांना मिळाली नाही आणि ती मागायला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. इशींना सुवर्ण मिळाले. त्या ऑलिम्पिकमधले ते जपानचे एकमेव सुवर्ण. मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच पथकात कोल्हापूरचेच केशव माणगावेही होते. वरच्या फेदरवेट गटात ते चौथे आले. त्यांचे नाव आज क्वचितच निघते.

कराड स्थानकावर लोक लोटले, शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी परतल्यावर जे काम आधी हाती घेतले, ते मिरवणुकीहून मोठे होते. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे गहाण घर सोडवून दिले.

त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ते उतरले नाहीत. १९५५ साली पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, सत्तावीस वर्षे नोकरी करून साहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई खेळांच्या ज्योतयात्रेत त्यांनी मशाल धरली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाही. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये आणले. कुस्तीतले पुढचे पदक सुशील कुमारने २००८ मध्ये जिंकले. आता १५ जानेवारी हा महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

लंडनला खाशाबा ज्या ५२ किलोंच्या गटात लढले, तो १९९६ नंतर ऑलिम्पिकमधून गेला. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये आज सर्वांत खालचा गट ५७ किलोंचा आहे. टोकियोत रवी दहियाने रौप्य आणि पॅरिसमध्ये अमन सेहरावतने कांस्य जिंकले, ते याच गटात. अमनला कांस्यपदकाच्या लढतीआधी एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवावे लागले होते.