ऑटिझमला ओळख देणारे डॉ. लिओ कॅनर, आणि आईच्या माथी आलेला ठपका

अडीच-तीन वर्षांचं मूल हाकेला वळून बघत नाही. ऐकू येत नसेल म्हणावं, तर आतल्या खोलीत टीव्हीवर आवडती जाहिरात लागली की धावत येतं. बोट करून कुणाला काही दाखवत नाही. ताटली जमिनीवर गरगर फिरवत बसतं आणि कुणी ती उचलली की घर डोक्यावर घेतं. नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर-शहाद्याच्या गावात काय किंवा धडगावच्या पाड्यावर काय, अशा मुलाबद्दल ठरलेल्या गोष्टी कानावर येतात. दृष्ट लागली, बाहेरचं झालं, भगताला दाखवा. घरात पावरी, मावची नाहीतर अहिराणी आणि अंगणवाडीत मराठी, म्हणून बोलायला उशीर होतोय. शिकल्यासवरल्या घरात खापर मोबाइलवर फुटतं. आणि फिरून फिरून बोट येतं ते आईकडे. तिने लक्ष दिलं नाही, किंवा फारच लाडावून ठेवलं.

हा शेवटचा आरोप फक्त गावाकडचा आहे असं समजू नका. विसाव्या शतकात दोनेक दशकं तो अमेरिकेतल्या नामवंत डॉक्टरांनी शास्त्र म्हणून मांडला. त्याची ठिणगी ज्यांच्या लेखणीतून पडली, त्यांनीच ऑटिझमला, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो त्या अवस्थेला, वैद्यकशास्त्रात वेगळी ओळख मिळवून दिली होती. आणि शेवटी आईवडिलांसमोर उभं राहून त्यांना निर्दोष ठरवणारेही तेच होते. त्यांचं नाव डॉ. लिओ कॅनर.

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ चा. गाव क्लेकोटूव्ह, ब्रॉडी शहराजवळचं. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. कुटुंब ज्यू. मूळ नाव खास्केल लायब, पण ते या मुलाला कधीच आवडलं नाही, पुढे त्याने स्वतःच लिओ करून घेतलं. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी, असा सीमाभागातला कारभार. नंदुरबारच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

तरुणपणी त्यांना कवी व्हायचं होतं. कविता कुणी छापल्या नाहीत, म्हणून डॉक्टरकीकडे वळले. बर्लिनमध्ये शिक्षण, मध्ये पहिल्या महायुद्धात सैन्यातली वैद्यकीय सेवा आणि १९२१ मध्ये पदवी. जर्मनीत तेव्हा महागाईने पगाराची माती झाली होती. १९२४ मध्ये ते बायको-मुलीसह अमेरिकेत, साउथ डकोटा राज्यातल्या यँकटन इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मानसोपचाराचं रीतसर शिक्षण नव्हतं, इंग्रजीही कच्चं. जे काही शिकले ते रुग्णांमध्ये वावरून.

१९२८ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले आणि १९३० मध्ये तिथे मुलांच्या मानसोपचाराचा विभाग सुरू केला. तोवर मुलांसाठी असा वेगळा विभाग बालरुग्णालयात असतो, ही कल्पनाच अमेरिकेत नव्हती. १९३५ मध्ये त्यांनी लिहिलेलं ‘चाइल्ड सायकियाट्री’ हे या विषयावरचं इंग्रजीतलं पहिलं पाठ्यपुस्तक मानतात.

ऑटिझमपर्यंत पोचण्याआधीचं एक प्रकरण सांगायला हवं. बाल्टिमोरजवळच्या रोझवूड नावाच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुली ठेवलेल्या असत. एक वकील कोर्टात अर्ज करून त्यांची सुटका करायचा आणि त्या श्रीमंतांच्या घरी जवळजवळ फुकटात राबणाऱ्या मोलकरणी व्हायच्या. कॅनर आणि त्यांच्या सहकारी समाजसेविकेने अशा शंभरावर मुलींचा माग काढला. बहुतेकींची वाताहत झाली होती. नकोशी झाली की बाई रस्त्यावर. १९३७ मध्ये हे त्यांनी जाहीरपणे मांडलं तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठी खळबळ उडाली.

पुढे १९४२ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियतकालिकात एका प्रतिष्ठित मेंदूविकारतज्ज्ञाने गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना दयामरणाच्या नावाखाली संपवावं, असा लेख लिहिला. त्याच अंकात कॅनर यांनी विरोधात लिहिलं. नियतकालिकाच्या संपादकीयाचा कल मात्र पहिल्या लेखाकडे होता! कॅनर काळाच्या फार पुढे होते असंही नाही, काही बाबतीत नसबंदीला त्यांनी मान्यता दिलेली होती. पण मारण्याला नाही. तेव्हा जर्मनीत नाझी राजवट अशा मुलांना खरोखरच मारत होती. कॅनर लहानपणी ज्या ब्रॉडीच्या आसपास वाढले, तिथला ज्यू समाजही त्याच काळात जवळजवळ संपवला गेला. जमेल तितक्या ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत आणून कामाला लावण्यासाठी कॅनर यांनी बरीच खटपट केली होती. व्हिएन्नाहून आलेले डॉ. गेऑर्ग फ्रँकल हे त्यांतले एक, आणि ऑटिझमच्या पहिल्या मुलाला तपासणाऱ्यांत तेही होते.

तो पहिला मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. गाव फॉरेस्ट, मिसिसिपी राज्य. वडील वकील, आईच्या माहेरची बँक. वर्षाच्या आतबाहेर असताना तो गाण्यांचे सूर बिनचूक गुणगुणायचा, पण आई आली काय, गेली काय, त्याला फरक पडत नसे. भांडी फिरवण्यात रमायचा. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईवडिलांनी त्याला चार वर्षांचा होण्याआधीच एका संस्थेत ठेवलं. सुमारे वर्षभराने मात्र संस्थाचालकांचं न ऐकता घरी परत आणलं. १९३८ मध्ये बाल्टिमोरला नेण्याआधी वडिलांनी कॅनर यांना ३३ टंकलिखित पानांचं पत्र पाठवलं. मुलगा काय करतो, काय करत नाही, कशाने चिडतो, सगळं बारकाईने. ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात एका आईबापाच्या निरीक्षणातून झाली, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात असू द्या.

डोनाल्डसारखी आणखी मुलं येत गेली. १९४३ मध्ये कॅनर यांनी ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. ८ मुलगे, ३ मुली. माणसांशी नातं जोडण्यात अडचण आणि सगळं जसंच्या तसं राहावं हा हट्ट, हे दोन धागे त्यांना सगळ्यांत दिसले. बोलण्याची एक खूणही त्यांनी टिपली. ही मुलं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणतात. मराठीत हे चटकन कळतं. पाणी हवंय का, असं आई विचारते. मुलालाही पाणी हवं असेल तेव्हा ते हो म्हणत नाही, पाणी हवंय का असंच म्हणतं. मुलगा असूनही स्वतःबद्दल देते, घेते असं बोलतो, कारण ते त्याने आईच्या तोंडून तसं ऐकलंय. लोक हसतात, पण मुलाच्या लेखी ते पाणी मागणंच असतं. आईला ते कळतं, बाहेरच्याला कळत नाही.

ऑटिझम हा शब्द कॅनर यांचा नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉइलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल आधी वापरला होता. अशा मुलांची वर्णनंही मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२०च्या दशकात केली होती, आणि व्हिएन्नात हान्स आस्परगर यांनी १९४४ मध्ये केली. मराठीतला स्वमग्न हा शब्दही ब्लॉइलरच्याच वळणाचा. त्यामुळे मूल जणू आपल्या मर्जीने आत जाऊन दार लावून बसलंय असं वाटतं, आणि ही समजूत बऱ्याच घरांना भोवते.

आता ठपक्याकडे. १९४३ च्या निबंधात कॅनर यांचा निष्कर्ष सरळ होता, की ही अवस्था जन्मजात आहे. पण त्याच निबंधात त्यांनी एक निरीक्षण जोडलं, की या मुलांच्या पालकांत मायाळू आईवडील थोडेच दिसले. १९४९ मध्ये ते पुढे गेले आणि या घरांतल्या कोरड्या, यांत्रिक वातावरणाला त्यांनी फ्रिजची उपमा दिली. उपमा उचलली गेली. फ्रिजसारखी थंड आई आणि तिच्यामुळे आत मिटलेलं मूल, ही कथा वर्तमानपत्रांना आवडली, मनोविश्लेषकांना आवडली. १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाने तर ती घराघरांत पोचवली. मुलाला आईपासून तोडणं हाच इलाज, इथवर मजल गेली. त्या वर्षांत किती बायकांनी स्वतःला गुन्हेगार मानून घेतलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, याच कॅनर यांनी १९४१ मध्ये आयांची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं होतं, तज्ज्ञांच्या धाकाला भिऊ नका असं सांगणारं!

चूक कुठे झाली? एक म्हणजे, जी आई चार वर्षं हाक मारून थकली, जिच्या मिठीला उत्तर मिळालं नाही, ती डॉक्टरसमोर गप्प आणि ताठ बसणारच. कॅनर यांनी परिणामाला कारण समजलं. दुसरं म्हणजे, १९३८-४३ च्या अमेरिकेत बाल्टिमोरपर्यंत मुलाला घेऊन जाणं कुणाला परवडत होतं? डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशांनाच. त्यामुळे हा शिकलेल्यांच्या घरचाच विकार आहे असं चित्र उभं राहिलं. १९७९ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागात लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी दवाखान्यात आलेल्या मुलांवर न थांबता वस्तीतली मुलं शोधून तपासली, तेव्हा ऑटिझमचा पट किती रुंद आहे ते दिसलं.

नंदुरबारसाठी हा मुद्दा पुस्तकी नाही. मोलगी-धडगावच्या डोंगरातून जिल्ह्याच्या गावी यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. अनेक कुटुंबं हंगामात ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. त्यांची मुलं तज्ज्ञापर्यंत पोचत नसतील, तर ती कागदावर दिसणार नाहीत. आदिवासी भागात ऑटिझम नसतोच, असा अर्थ त्यातून काढणं म्हणजे कॅनर यांचीच चूक उलट्या बाजूने करणं. म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकंच अंगणवाडी आणि शाळेत जातात, आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत ऑटिझमही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. ठपक्याचं म्हणाल, तर घरात काही विपरीत घडलं की बाईला डाकीण ठरवणाऱ्या प्रथेविरुद्ध या जिल्ह्यात कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं आहे. दोष बाईवर ढकलायला कुणाला भगत लागतो, कुणाला पदवी.

अमेरिकेत हे जाळं तोडलं ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. उपलब्ध संशोधन चाळून १९६४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, की कारण संगोपनात नाही, शरीरात शोधा. त्याला प्रस्तावना कॅनर यांनी लिहिली. १९६५ मध्ये पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये तिच्या अधिवेशनात पंचाहत्तरीचे कॅनर बोलायला उभे राहिले. आपण हे जन्मजात असल्याचंच पहिल्यापासून म्हणत होतो, आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असं सांगून त्यांनी सर्व पालकांना निर्दोष जाहीर केलं. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. खरं तर विपर्यासात त्यांचा स्वतःचा वाटा बराच होता, आणि माफीचा सूर त्या भाषणात नव्हता. तरीही ज्या तोंडून आरोपाला बळ मिळालं, त्याच तोंडून तो मागे घेतला गेला, याचं मोल समोर बसलेल्या आयांनाच ठाऊक. १९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासून आनुवंशिकतेचा मोठा पुरावाही दिला.

१९७१ मध्ये कॅनर यांनी पहिल्या ११ मुलांचं पुढे काय झालं ते शोधलं. ज्यांची रवानगी मोठ्या सरकारी संस्थांत झाली, ती मुलं होती तीही कौशल्यं गमावून बसली होती. तो दाखला म्हणजे जन्मठेपच ठरला, असं मत त्यांनी नोंदवलं. डोनाल्डचं मात्र निराळं. लहानपणी काही वर्षं त्याला गावापासून थोड्या अंतरावर एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. त्याला मोजमापाचं वेड, तर त्यांनी त्याला विहीर खणताना खोली मोजायला लावली. आकड्यांचं वेड, तर मक्याच्या ओळी मोजू दिल्या, आणि ओळी मोजता मोजता तो नांगर धरायला शिकला. १९४५ मध्ये कॅनर स्वतः त्या शेतावर जाऊन हे पाहून आले होते. त्या जोडप्याकडे कुठली पदवी नव्हती, थेरपी हा शब्दही त्यांनी वापरला नसेल.

डोनाल्ड पुढे पदवीधर झाले, घरच्या बँकेत कारकुनी केली, गाडी चालवायला शिकले, गोल्फ खेळले, एकट्याने देशोदेशी फिरले. गावातल्या लोकांना त्यांच्या लकबी पाठ होत्या आणि बाहेरून कुणी उगाच चौकशी करायला आलं तर ते त्यांची पाठराखण करत. कॅनर ३ एप्रिल १९८१ रोजी वारले. डोनाल्ड ट्रिपलेट २०२३ मध्ये वारले, वयाच्या ८९ व्या वर्षी. तोवर ते फॉरेस्टमध्येच राहत होते, ज्या घरात वाढले त्याच घरात.