प्रोटॉन थेरपीला साइड इफेक्ट नसतात का? होमी भाभांच्या आयुष्यातून समजून घेऊया

‘प्रोटॉन थेरपी, साइड इफेक्ट झिरो’ असे रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर असेल तर असं काही पाहून माणूस जमीन विकायलाही तयार होतो. म्हणून आज हे तंत्रज्ञान मी डॉ. होमी भाभांच्या आयुष्यातून सांगतो.

आत्या, हॉस्पिटल आणि अणू

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं, ही वडिलांची इच्छा. त्यासाठी १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, पण रमले फिजिक्समध्ये. ते तिकडे असतानाच, १९३१ मध्ये, त्यांच्या आत्या मेहरबाई टाटा ब्लड कॅन्सरने गेल्या. आत्याचे यजमान सर दोराबजी पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या ट्रस्टने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं.

भाभांचा विषय होता कॉस्मिक किरण. अवकाशातून येणारे हे कण बहुतांशी प्रोटॉनच असतात! १९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले, महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली, पुढे देशाचा अणुकार्यक्रम उभारला.

इकडे अमेरिकेत रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये प्रोटॉन कॅन्सरवर वापरण्याची कल्पना मांडली. १९५४ मध्ये बर्कलीत पहिल्या पेशंटवर उपचार झाले. कॅन्सरच्या उपचारात रेडिएशनचं महत्त्व वाढणार, हे भाभांनी ओळखलं होतं. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आलं, ते त्यांच्यामुळेच. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळून ते गेले. त्याच टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनने उपचार होतात.

प्रोटॉन वेगळा कसा?

मी कसाऱ्याचा, म्हणून गाडीचंच उदाहरण देतो. समजा, गाठ कसाऱ्याला आहे. एक्स-रे म्हणजे मेल गाडी: वाटेत ऊर्जा सोडत येते, कसाऱ्याला सोडते आणि घाट चढून इगतपुरी-नाशिकलाही सोडत जाते. म्हणजे गाठीमागचे निरोगी भागही भाजतात. प्रोटॉन म्हणजे कसारा लोकल. वाटेत थोडी ऊर्जा सोडते, बहुतेक ऊर्जा शेवटच्या स्टेशनात, आणि पुढे जातच नाही. त्यामुळे हृदय, मणक्यातली मज्जारज्जू आणि दुसरं फुप्फुस यांना कमी डोस मिळतो.

मग अडचण कुठे?

फुप्फुसात स्टेशनच हलतं! श्वासाबरोबर गाठ वर-खाली होते. शिवाय फुप्फुसात हवा असते, त्यामुळे प्रोटॉन नेमका कुठे थांबेल याचा हिशेब चुकू शकतो. म्हणून श्वासानुसार स्कॅन काढतात आणि उपचार चालू असताना पुन्हा तपासतात.

साइड इफेक्ट होतातच: थकवा, त्वचा लाल होणं, अन्ननलिका सुजून गिळताना दुखणं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी फुप्फुसाला सूज येऊन कोरडा खोकला, धाप, बारीक ताप येऊ शकतो. याला साधा सर्दी-खोकला समजून अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन सेंटरच्या २०१८ च्या चाचणीत त्या वेळच्या प्रोटॉन पद्धतीची आधुनिक एक्स-रे उपचाराशी तुलना झाली. फुप्फुसाची सूज आणि गाठ परत येणं, दोन्हींत ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे प्रोटॉन वाईट? अजिबात नाही. गाठ हृदयाजवळ असेल किंवा त्याच जागी आधी रेडिएशन झालं असेल, तर तो खूप कामाचा ठरू शकतो. पण प्रत्येकाला नाही. आपल्याकडून खारघरला जायला ठाण्याला उतरून पनवेल लोकल पकडायची. तिथे किंवा कुठेही गेलात, तरी पैशांची जुळवाजुळव करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आमच्या पेशंटमध्ये हृदय आणि फुप्फुसाला जाणारा डोस दोन्ही पद्धतींत किती? गाठ श्वासाबरोबर किती हलते? आणि साध्या रेडिएशनने तेवढंच काम होईल का?