पायवाटा वाचणारा इतिहासकार

इतिहास म्हटला की आपल्यासमोर राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु साध्या पायवाटाही इतिहास सांगतात, हे ज्यांनी स्वतः पायी हिंडून दाखविले, त्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे चरित्र आपण विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे, असे मला वाटते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे गाढे विद्वान. दामोदर १९२९ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. प्राचीन नाणी तराजूत तोलता तोलता हा गणिती इतिहासाकडे वळला.

केवळ ग्रंथांवर त्यांचे समाधान होईना. हाती काठी घेऊन ते पुण्याभोवतालचे डोंगर पालथे घालीत, धनगरांशी, शेतकऱ्यांशी बोलत. गावापासून दूर, माळावरच्या देवीच्या ठाण्यांपाशी त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडाची बारीक हत्यारे सापडली. देवी अशा आडरानात का? तिथे पूर्वी वाटा एकमेकींना मिळत आणि ऋतूप्रमाणे गुरे घेऊन फिरणाऱ्या टोळ्या तिथे भेटत, हे त्यांचे उत्तर. त्याच वाटांनी पुढे व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढले. म्हणूनच बोरघाटाजवळ कार्ल्याची आणि नाणेघाटाच्या वाटेवर जुन्नरची लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा आहे! पंढरीच्या वारीची वाटही त्यांना ज्ञानेश्वरांच्या कितीतरी आधीची वाटली. ठाण्यांचे व वाटांचे हे विवेचन ‘मिथ अँड रिॲलिटी’ या त्यांच्या १९६२ च्या इंग्रजी ग्रंथात आहे.

त्याच वर्षी मुंबईची नोकरी सुटली. संशोधन मात्र सुटले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात ते निधन पावले. वय अवघे ५८.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आजोबांचा जन्म मेंढरांमागे चालण्यात गेला. बखरीत वा ताम्रपटात आमच्यासारख्यांचे नाव शोधून सापडायचे नाही. पण ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी पायांनी लिहून ठेवले आहे, एवढा विश्वास मला कोसंबींनी दिला. आज त्या वाटांवर डांबर पडते आहे, माळ नांगरले जात आहेत. मित्रहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा जुनी वाट एकदा चालून पाहा आणि तिच्यावरची ठाणी वडीलधाऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवा. पुसली गेलेली वाट पुन्हा वाचता येणार नाही.