पालवणकर बाळू : चेंडू हाती, नेतृत्व नाही

पुण्याच्या युरोपियन क्लबात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी खेळत असे. नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सारे 'जंगली' म्हणत. हिंदुस्थानातील युरोपियनांमध्ये त्याच्या तोडीचा फलंदाज क्वचितच असेल. इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर यायचे आणि क्लबच्या एका तरुण नोकराला गोलंदाजी करायला लावायची, हा त्याचा नित्यक्रम. नोकराने आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस, असा करार होता म्हणतात. त्या नोकराचा महिन्याचा पगार चार रुपये होता. आठवड्यातून दोनदा ग्रेगची विकेट मिळाली, तर महिनाअखेरीस पगार दुप्पट!

तो नोकर म्हणजे पालवणकर बाळू. क्रिकेटच्या इतिहासाला परिचित असलेले पी. बाळू. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, तिच्या रेषा आखणे, जाळी उभारणे आणि वेळप्रसंगी टेनिस कोर्टाच्या रेषाही मारणे, ही त्यांची कामे. जाळीत शेकडो तास त्यांनी साहेबांना गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, राबणे नोकराचे, असा तो अलिखित नियम होता. बाळूंची कारकीर्द समजून घ्यायची, तर हा नियम विसरून चालत नाही.

मूळचे हे कोकणातील चर्मकार कुटुंब, गावावरून पालवणकर. बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला झाला. वडील सैन्यात होते. पुण्याच्या लष्करी वस्तीत साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटे शिवराम क्रिकेट शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही त्याच वाटेने गेले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, पगार तीन रुपये. सुमारे १८९२ मध्ये ते युरोपियन क्लबात आले आणि पगार एका रुपयाने वाढला. व्यावसायिक खेळाडू हा शब्द आपल्याकडे रुजण्यापूर्वीची ही गोष्ट. खेळासाठी नव्हे, मैदान राखण्यासाठी वेतन मिळे. गोलंदाजी त्या वेतनात गृहीत धरलेली असे.

बाळू डावखुरे, मंदगती फिरकी गोलंदाज. चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्याची हातोटी, उंचीत सतत बदल आणि दिवसभर न थकता टप्पा राखण्याची चिकाटी, हे त्यांचे भांडवल होते. त्यांची ख्याती गावात पसरली, तेव्हा पुण्यातील हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. पण संघात घ्यायचा तर सोवळ्याचे काय? काही सदस्य अनुकूल होते, काही कडवे विरोधक. ग्रेगनेच वृत्तपत्रातून हिंदूंना त्यांच्या हिताचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. अखेर बाळू संघात आले. मैदानावर सवर्ण खेळाडू तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी बाहेर बसून मातीच्या बोळक्यातून चहा प्यायचा, जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या मेजावर घ्यायचे. हात-तोंड धुवायचे असेल, तर एखादा दलित नोकर कोपऱ्यात पाणी आणून देई. खेळातला स्पर्श आणि पंगतीतला विटाळ एकाच दुपारी सुखाने नांदत होते, आणि त्यात विसंगती आहे असे फार थोड्यांना वाटत होते. पाण्याचा हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर उघडपणे ऐरणीवर आला. पेण आणि रोहा ज्या तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात मोडतात, त्याच जिल्ह्यातले हे महाड.

साताऱ्याच्या सामन्याची कथा रंजक आहे. बाळूंची फिरकी बोथट करण्यासाठी यजमान युरोपियनांनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरी बाळूंनी सात बळी टिपले. रोलर फिरवूनच ज्याची उमेदवारी झाली, त्याला रोलरने रोखण्याचा हा बेत मुळातच फसवा होता.

१८९६ मध्ये प्लेगने थैमान घातले आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आले. येथे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत बाळूंना नोकरी मिळाली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही प्रवेशावरून थोडी खळखळ झालीच, पण त्यांच्यावाचून चालणार नव्हते. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावांना युरोपियनांचे उत्तर १९१ आणि १०२. दुसऱ्या डावातील पडझडीत बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. शिवरामही त्या संघात होते. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना मिळालेला हा विजय निव्वळ खेळातला राहिला नाही. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवता येते, हे मुंबईने पाहिले.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज एकोणीस वर्षांचे, बाळू पस्तिशीचे. राज्यारोहणाच्या समारंभात गुंतलेले महाराज मोजक्याच सामन्यांत खेळले. चौदा प्रथम दर्जाच्या सामन्यांपैकी दोनच जिंकले गेले, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्धचे. या अपयशी दौऱ्यात एक माणूस रोज मान खाली घालून गोलंदाजी करीत होता. सर्व सामने मिळून बाळूंनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध १०३ धावांत आठ बळी ही त्यांची प्रथम दर्जाची सर्वोत्तम कामगिरी ठरली. मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यातील मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता, असे क्रिकेटचे इतिहासकार सांगतात. दलित समाजाला तोवर असा सर्वमान्य नायक लाभला नव्हता.

१९१२ पासून मुस्लिम संघ दाखल झाल्याने मुंबईची तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. हिंदूंचे नेतृत्व मात्र बाळूंकडे आले नाही. अनुभवाने आणि कर्तृत्वाने ते सर्वांत ज्येष्ठ होते, तरीही कर्णधारपद म. दा. पै यांच्याकडे राहिले. पै दिलदार होते. १९१३ मध्ये एका सत्कारसमारंभात त्यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीरपणे मान्य केले. निवड समितीवर त्याचा परिणाम झाला नाही. गोलंदाज म्हणून मान्य असलेला माणूस, सवर्ण खेळाडूंना हुकूम देणारा कर्णधार म्हणून मान्य नव्हता. क्रिकेटमध्ये कर्णधारच क्षेत्ररचना ठरवतो, गोलंदाज बदलतो, नाणेफेकीला पुढे होतो. ही सत्ता लहान असली तरी सत्ताच असते.

१९२० साली ठिणगी पडली. पै आजारी झाल्याने पहिल्या सामन्याचे नेतृत्व पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे देण्यात आले आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन देऊन माघार घेतली. मुंबईत मोठा गदारोळ झाला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, भाऊही परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते नेतृत्व बाळूंनी केले. बाळूंच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच. त्याच हंगामात त्यांची कारकीर्द संपली. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते.

भावाला जे नाकारले, ते विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. त्यांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ही वाचकांनी आवर्जून शोधावी अशी गोष्ट.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले आणि त्याला एक कडवट वळण लागले. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्या बाजूचे होते. सप्टेंबर १९३२ मधील पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. एकेकाळी बाळूंना महापालिकेवर नियुक्त करावे म्हणून आंबेडकरांनीच खटपट केली होती. बाळू फारशा उत्साहाने रिंगणात उतरले नव्हते, तरी लढत चुरशीची झाली. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. अवघ्या दोन हजार मतांनी हरलेल्या बाळूंना पुन्हा निवडणुकीच्या फडात फारसे कुणी पाहिले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या आधीच्या सप्टेंबर ते एप्रिल या हंगामात भारतीय संघ पाकिस्तानचा पहिला दौरा करून आला होता. त्या संघात डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून विनू मांकड होते आणि कर्णधारही तेच होते.